तळघरात शिरलेलं पाणी नेमकं कुणाचं?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"आमची सोसायटी मुंबईत हिंदमाताजवळच्या एका गल्लीत आहे. जुनी चाळ पाडून बावीस मजल्यांची इमारत झाली, ताबा मिळून चार वर्षं झाली. खाली एक मजल्याचं तळघर आहे. तिथे गाड्या, पाण्याची मोठी टाकी, पंप आणि ड्रायव्हर-रखवालदारांसाठी एक संडास. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे मोठा पाऊस लागला. रखवालदारकाका सांगतात, आधी त्या संडासाच्या जाळीतून झुरळं बाहेर आली, मग बुडबुडे आणि मग काळं पाणी. तेव्हा गल्लीत अजून पाणी भरलेलं नव्हतं. अर्ध्या-पाऊण तासाने रस्ता भरला आणि रॅम्पवरूनही पाणी आत आलं. काका पंपाचा स्विच बंद करायला खाली गेले, छातीएवढ्या पाण्यातून कसेबसे वर आले. एकवीस गाड्या बुडाल्या. दोघा सभासदांनी पहारीने रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण उघडलं. बिल्डर म्हणतो, महापालिकेचं गटार तुंबलं, माझा संबंध नाही. वॉर्ड ऑफिसातले इंजिनीअर म्हणतात, तुमच्या हद्दीतलं तुम्ही बघा. गाडी नसलेले सभासद खर्चाला तयार नाहीत. एक ड्रेनेजवाला चेंबरमध्ये माणूस उतरवून साफ करून देतो म्हणतो. मी सचिव आहे, पण शाळेत शिकवते, यातलं मला काही कळत नाही. ढग दाटून आले की पोटात गोळा येतो. सुरुवात कुठून करू?"

सचिवताई,

सुरुवात काकांपासून करा. ते बरे आहेत का? छातीएवढ्या मैलापाण्यातून ते चालले आहेत. अशा पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं आणि पायाला साधं खरचटलेलं असलं तरी लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार, होऊ शकतो. म्हणूनच मुंबईत दर पावसाळ्यात सांगतात की तुंबलेल्या पाण्यातून चाललात तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या. ती वेळ आता निघून गेली. पण या आजाराची लक्षणं दिसायला महिनाभरही लागू शकतो. काकांना ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही झालं तर अंगावर काढू देऊ नका. आजच महापालिकेच्या दवाखान्यात न्या आणि "गटाराच्या पाण्यात उतरले होते" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते कळलं नाही तर साधा ताप म्हणून औषध मिळतं आणि मोलाचे दिवस जातात.

दुसरं, पाणी वाढत असताना तळघरात कुणीही उतरायचं नाही. मोटारीसाठी नाही, गाडीसाठी नाही, महत्त्वाच्या कागदांसाठीही नाही. दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरमध्ये २७ जुलै २०२४ ला एका कोचिंग क्लासच्या तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. पाणी कसं वाढतं याचा अंदाज माणसाला येत नाही. घोट्याएवढं आहे तोवर आपण "आलोच" म्हणून जातो. बाहेरून पाण्याचा दाब आला की दार उघडत नाही. त्यात चालू वायर पाण्याला लागली असेल तर पोहता येऊनही उपयोग नसतो. तुमच्या काकांनी ज्या स्विचसाठी जीव धोक्यात घातला, तो स्विच मुळात तळघरात असायलाच नको होता. परवानाधारक वायरमन बोलवा आणि तळघराचा सगळा वीजपुरवठा तळमजल्यावरून, कोरड्या जागेतून बंद करता येईल अशी सोय करून घ्या. बाकी सगळं मागे राहिलं तरी चालेल, हे याच आठवड्यात व्हायला हवं. लिफ्टचंही तसंच आहे. पावसाचा जोर वाढला की ती वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची, म्हणजे ती माणसांसकट तळघरात उतरणार नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ड्रेनेजच्या कामात माझी तीस वर्षं गेली. तळघरात पाणी भरलं असं कुणी सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारतो, पाणी कुणाचं? पावसाचं, गटाराचं की जमिनीचं? हे ठरल्याशिवाय खर्च केलेला प्रत्येक रुपया पाण्यात जातो. बहुतेक सोसायट्या पाणी ओसरलं की मोठा पंप आणतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा बुडतात.

तुमच्याकडे याचं उत्तर काकांनी देऊन ठेवलंय. आधी झुरळं, मग बुडबुडे, मग काळं पाणी, आणि तेव्हा गल्ली कोरडी. हे त्यांना विचारून वेळेसकट वहीत लिहून घ्या आणि खाली त्यांची सही घ्या, कारण उद्या बिल्डरसमोर आणि वॉर्ड ऑफिसात हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा असेल. गटाराची वाहिनी भरत आली की आतली हवा पुढे ढकलली जाते, ती तुमच्या जाळीतून बुडबुडे काढत निघते आणि तिच्या पुढे झुरळं पळतात. त्यामागून मैलापाणी येतं. म्हणजे पहिलं पाणी मलवाहिनीतून उलटलेलं होतं. रॅम्पवरचं पाणी नंतर आलं आणि ते पावसाचं. एकाच पहाटे दोन वेगवेगळी पाणी दोन वेगवेगळ्या वाटांनी आत शिरली. दोन्हींचा इलाज वेगळा आहे आणि जबाबदारीही वेगळी आहे.

पाणी उलटतं कसं हे समजायला इंजिनीअर असावं लागत नाही. गवंड्याकडची लेव्हलची नळी तुम्ही पाहिली असेल. पारदर्शक लांब नळी, आत पाणी. एक टोक या खांबाला, दुसरं त्या खांबाला. मधे नळी कितीही वाकडीतिकडी असली तरी दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला उभं राहतं. रस्त्याखालची मलवाहिनी आणि तुमच्या तळघरातली जाळी ही त्याच नळीची दोन टोकं आहेत. वाहिनी मोकळी असते तोवर मैला उताराने निघून जातो. ती तुडुंब भरली आणि रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये पाणी झाकणापर्यंत चढलं की तुमच्या बाजूलाही ते तितकंच चढायला बघतं. तुमची जाळी झाकणापेक्षा दहा फूट खाली आहे. मग पाणी झाकणातून रस्त्यावर येण्याआधी तुमच्या तळघरात येणार, हे ठरलेलंच.

म्हणून शनिवारी एखाद्या जुन्याजाणत्या गवंड्याला ती नळी घेऊन बोलवा. तासाभराचं काम आहे. फाटकासमोरच्या मलवाहिनीच्या मॅनहोलच्या झाकणाची पातळी नळीने इमारतीच्या खांबावर घ्या आणि तिथे लाल ऑइलपेंटने रेघ मारा. तीच पातळी रॅम्पच्या माथ्याशी, तळमजल्याच्या संडासाशी, आवारातल्या प्रत्येक चेंबरशी ताडून बघा. त्या रेघेखाली जिथे म्हणून जाळी, कमोड किंवा बेसिन आहे, तिथून गटार उलटू शकतं. रेघेच्या वर जे आहे त्याला, रस्त्यावर पाणी साचलेलं नसेल तोवर, हे भय नाही. तुमच्या गल्लीत रस्त्यावर पाणी किती चढतं तेही जुन्या दुकानदारांना विचारा. त्यांच्या शटरवर डाग असतात. त्या डागाची दुसरी रेघ मारा. या दोन रेघा हातात असल्या की सल्लागार, बिल्डर, महापालिका, कुणाशीही तुम्हाला ठामपणे बोलता येईल.

आता वाहिन्या इतक्या का भरतात. तुमच्या भागाचा स्वभावच तसा आहे. मुंबई सात बेटांची, मधल्या खाजणात भराव घालून जोडलेली. हिंदमाता म्हणजे आजूबाजूच्या उंच भागांमधली बशी. चहूकडचं पाणी उतरून तिथे जमतं, आणि समुद्राला भरती असली की ते बाहेर जायला वाट नसते. शहर भागातल्या जुन्या गटारांचं जाळं इंग्रजांच्या काळातलं, १८६० च्या दशकापासून घातलं गेलेलं. कितीतरी ठिकाणी विटांच्या कमानींची बांधणी आहे. मी ती आतून पाहिली आहे, काम देखणं आहे. पण पावसाच्या पाण्याची जुनी वाहिनी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधली, तोही ओहोटी असताना. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभरही नव्हता. त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीने सगळ्याचा अभ्यास केला आणि १९९३ पासून कागदावर असलेल्या ब्रिमस्टोवॅड या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याच्या योजनेला जोर आला. वाहिन्यांची क्षमता तासाला ५० मिलिमीटर करायचं ठरलं, हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथे पाणी उपसून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रं उभी राहिली. रे रोडचं ब्रिटानिया केंद्र तुमच्याच भागासाठी. शिवाय हिंदमाताचं पाणी साठवायला जवळच्या मैदानांखाली टाक्याही बांधल्या. फरक पडला आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पूर्वी जिथे दिवसभर कमरेएवढं पाणी असायचं तिथे ते आता लवकर ओसरतं.

पण ही सगळी पावसाच्या पाण्याची कहाणी झाली. मुंबईत मैल्याची वाहिनी वेगळी असते, आणि तिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही कारण ती दिसत नाही. गिरणगावात चाळी होत्या तेव्हा मजल्यावर सामाईक संडास आणि नळाला ठरावीक वेळ पाणी. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, टॉवर आले. तुमच्याकडे समजा एकशेसाठ घरं आणि घरटी चार माणसं. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे आपल्याकडचं सरकारी माप. त्यातलं ऐंशी टक्के गटारात जातं असं धरतात. म्हणजे तुमच्या एका इमारतीतून रोज सुमारे ६९ हजार लिटर मैलापाणी निघतं, आणि तुमच्या गल्लीत असे टॉवर किती आहेत ते तुम्हीच मोजा. कितीतरी गल्ल्यांत वाहिनी मात्र चाळीच्या काळातलीच असते, त्यात स्वयंपाकघरातल्या तेलाचा थर, चिंध्या आणि बांधकामाच्या जागेवरून वाहून आलेलं सिमेंटचं पाणी, जे आत दगडासारखं जमतं.

त्यावर पाऊस पडला की आपण काय करतो? मॅनहोल उघडतो. तुमच्या दोन सभासदांनी नेमकं तेच केलं. त्यांना हे शांतपणे, पण सगळ्यांसमोर सांगा. मलवाहिनीचं झाकण उघडलं की रस्त्यावरचं पावसाचं पाणी तिच्यात कोसळतं, ती आणखी तुंबते आणि लेव्हलच्या नळीसारखी कुणाच्या तरी तळघरात उलटते, कदाचित तुमच्याच. आणि दुसरी गोष्ट मी लिहितानाही जड जाते. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात डॉ. दीपक अमरापूरकर गाडी सोडून चालत घरी निघाले होते. पाण्याखाली उघडं असलेलं मॅनहोल त्यांना दिसलं नाही. बॉम्बे हॉस्पिटलचे ते नावाजलेले पोटविकारतज्ज्ञ. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. ते जिथे पडले ती जागा तुमच्यापासून फार लांब नाही. झाकण उघडणाऱ्यांच्या मनात कुणाचं वाईट करायचं नसतं, पाणी लवकर जावं एवढंच असतं. म्हणून तर हे प्रत्येक सोसायटीत सांगायला हवं. त्यानंतर महापालिकेने मॅनहोलच्या आत संरक्षक जाळ्या बसवायला घेतल्या. तुमच्या फाटकासमोरच्या मॅनहोलला ती आहे का ते बघा आणि नसेल तर पत्रात मागा.

आता इलाज. तळघरातला तो संडास बंद करा. तुमच्या इमारतीला पडलेलं हे सगळ्यात मोठं भोक आहे. त्याची वाहिनी चेंबरपाशी पक्की बंद करून घ्या, जाळीत चिंधी कोंबून भागत नाही. ड्रायव्हर आणि रखवालदारांसाठी तळमजल्यावर, दोन्ही रेघांच्या वर, खिडकी असलेला नीट संडास बांधा. तळघरात कोंदट जागेत तो ठेवणं मुळातच बरोबर नव्हतं. तुमच्यासाठी पाण्यात उतरलेल्या माणसाला एवढं तरी मिळायला हवं.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. चांगली वस्तू आहे, पाणी बाहेर जाऊ देते, उलट येऊ देत नाही. पण तो इमारतीच्या मुख्य वाहिनीवर बसवला तर फसाल. रस्त्यावरची वाहिनी तुंबली की व्हॉल्व्ह मिटेल, आणि वरच्या बावीस मजल्यांचं तुमचंच मैलापाणी बाहेर न जाता आवारात उसळेल. मग महापालिकेचं नको म्हणून तुम्ही घरचंच अंगणात घेतलेलं असेल. व्हॉल्व्ह बसवायचा तो फक्त सखल जागेच्या फाट्यावर, आणि दर पावसाळ्याआधी उघडून साफ करायचा, कारण एक चिंधी अडकली तरी तो मिटत नाही.

पंपाबद्दल एक पाहिलेली गोष्ट सांगतो. एका सोसायटीत रात्रभर दोन पंप चालू होते आणि पाणी बोटभरही हललं नव्हतं. लोक तिसरा पंप आणायला निघाले होते. मी पाइपाचं दुसरं टोक कुठे आहे ते बघायला गेलो. ते आवारातल्याच चेंबरमध्ये सोडलेलं. चेंबर भरलेला, तिथून पाणी परत तळघरात. तेच पाणी रात्रभर गोल फिरत होतं. तुमच्या पंपाचा पाइप कुठे सुटतो ते आज जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तो मैल्याच्या चेंबरमध्ये सुटता कामा नये. त्याची कमान रस्त्यावरच्या पुराच्या रेघेच्या वरून गेली पाहिजे आणि त्याला स्वतःचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर पंप थांबला की पाणी त्याच पाइपातून उलटं येतं.

रॅम्पचा हिशेब सोपा आहे. समजा उघडा रॅम्प सहा मीटर रुंद आणि वीस मीटर लांब आहे. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्याच्यावर पडतं सहा हजार लिटर. हे पाणी रॅम्पच्या पायथ्याशी आडवी नाली आणि खड्डा करून साधा पंपही सहज उपसतो. पण रस्ता भरून पाणी रॅम्पच्या माथ्यावरून आत यायला लागलं की जगातला कुठलाही पंप पुरा पडत नाही, कारण तुम्ही सगळी गल्ली उपसत बसता. ते पाणी आतच यायला नको. माथा पुराच्या रेघेच्या वर उचलता आला तर उत्तम, नाहीतर दोन्ही बाजूंना खाचा करून त्यात बसणाऱ्या रबरी कडेच्या फळ्या करून घ्या. त्या ठेवायच्या जागा ठरवा आणि रात्रपाळीच्या रखवालदाराला त्या एकट्याने बसवता येतात का, हे मे महिन्यात करून बघा. भिंतीतून झिरपणारं जमिनीचं पाणीही थोडं असेल. ते स्वच्छ असतं, हळू येतं, पाऊस थांबल्यावरही येत राहतं. त्याची घाई नाही.

चेंबरमध्ये माणूस उतरवून देतो म्हणणाऱ्या त्या ड्रेनेजवाल्याला मात्र आल्या पावली परत पाठवा. मैल्याच्या बंद चेंबरमध्ये विषारी वायू साठतो. अंडी सडल्यासारखा वास येतो, आणि वायू फार झाला की नाकाला तो वासही कळेनासा होतो. आत गेलेला पडतो, त्याला काढायला गेलेला दुसरा पडतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं हा गुन्हा आहे, आणि काम देणारी सोसायटीही त्यात अडकते. कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या हजार-दोन हजारांसाठी कुणाच्या घरचा माणूस का जावा? सक्शन आणि जेटिंगची, म्हणजे गाळ ओढून घेणारी आणि जोरदार पाण्याच्या झोताने वाहिनी साफ करणारी गाडी मागवा. थोडं महाग पडेल.

आता बिल्डर आणि महापालिका. दोघंही अर्धं खरं बोलताहेत. तुमच्या आवारातल्या वाहिन्या आणि चेंबर सोसायटीचे, रस्त्याखालची वाहिनी महापालिकेची. पण मलवाहिनीच्या पातळीखाली, कसलाही अडसर न ठेवता तळघरात संडास काढला कुणी? महापालिकेच्या गटाराने नाही काढला. मंजूर ड्रेनेज नकाशा आणि ड्रेनेजचा पूर्णत्वाचा दाखला बिल्डरकडे लेखी मागा. नकाशात तो संडास आहे का, असेल तर त्याचं पाणी पंपाने वर न्यायचं होतं का, हे बघा. आणि एक तारीख मनावर कोरून ठेवा. रेरा या बिल्डरांवर लागू असलेल्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा सेवासुविधांमधला दोष दाखवून दिला तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. तुमची चार वर्षं झाली आहेत. विक्रीचे फ्लॅट घेतलेल्या सभासदांनी त्या कलमाखाली, आणि चाळीतल्या मूळ सभासदांनी विकास करारनाम्यातल्या दोषदुरुस्तीच्या कलमाखाली नोटीस द्यावी. वकिलाकडे याच महिन्यात जा. सोबत काकांचा जबाब, फोटो आणि दोन रेघांची मापं न्या.

वॉर्ड ऑफिसला एकच मोघम पत्र देऊ नका. पर्जन्य जलवाहिनी खातं वेगळं, मलनिःसारण खातं वेगळं. दोघांना दोन पत्रं, प्रत सहायक आयुक्तांना. "गटार तुंबतं, कृपया लक्ष द्यावे" असं लिहिलं की लक्ष दिलं जातं आणि काम होत नाही. लिहा, अमुक मॅनहोलपासून अमुक मॅनहोलपर्यंतची मलवाहिनी जेटिंग करून द्या आणि आत कॅमेरा सोडून तपासा. महापालिकेच्या १९१६ या फोन नंबरवर केलेल्या प्रत्येक तक्रारीचा क्रमांक वहीत ठेवा. जोडीला माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. ही वाहिनी कधी घातली, व्यास किती, शेवटची साफ कधी केली, बदलण्याचा प्रस्ताव आहे का. तीस दिवसांत उत्तर यावं लागतं. आजूबाजूच्या चार सोसायट्यांनी एकत्र अर्ज केला तर वजन वाढतं. मी खात्यांतली माणसं जवळून पाहिली आहेत. बरेचसे इंजिनीअर काम करायला तयार असतात, त्यांना निधी मागायला कागद लागतो. तो कागद तुम्ही द्या.

गाडी नसलेल्या सभासदांचं काय करायचं, हे तुम्हाला सगळ्यात अवघड वाटत असेल. मला तसं वाटत नाही. तुमच्या पिण्याच्या पाण्याची टाकी कुठे आहे? तळघरात. काळं पाणी तिच्या झाकणापर्यंत चढलं होतं का? हे पत्रात नाही, आणि मला गाड्यांपेक्षा त्याचीच काळजी वाटते. टाकी रिकामी करून घासून, निर्जंतुक करून घेतली नसेल तर आजच घ्या, तोवर सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगा, आणि पाण्याचा नमुना तपासायला वॉर्डाच्या आरोग्य खात्याकडे द्या. टाकीचं झाकण घट्ट बसणारं, रबरी कडेचं करा. बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या आणि सायकलही नसलेल्या आजोबांच्या पेल्यातलं पाणी त्याच टाकीतून जातं, आणि त्यांची लिफ्टही त्याच तळघरावर उभी आहे. खर्च गाड्यांच्या नावाने मांडलात तर भांडण होईल. टाकी, लिफ्ट आणि वीज यांच्या नावाने मांडा, कारण खरंच तो त्यांचाच आहे.

गाड्यांबद्दल एवढंच, की पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघायची नाही. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली तर इंजिन फुटतं, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर साध्या सर्वंकष विम्यातून ते नुकसान मिळत नाही.

आणि सभा. ती गच्चीवर किंवा ऑफिसात घेऊ नका, खाली तळघरात घ्या. खुर्च्या तिथेच मांडा. भिंतीवर पाण्याने सोडलेली काळी रेघ अजून असेल. ती पुसायला किंवा रंगवायला देऊ नका. काकांना पुढे बसवा आणि त्या पहाटे काय झालं ते त्यांच्याच तोंडून सगळ्यांना ऐकू द्या. महापालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या दिवसांचं वेळापत्रक जाहीर करते. त्याची प्रत नोटीस बोर्डावर लावा, आणि राहिलेल्या तारखांना तळघरातल्या गाड्या आदल्या रात्री कुठे न्यायच्या ते त्याच सभेत ठरवून टाका. गवंड्याने नळीने घेतलेली मापं मला पाठवा, म्हणजे पंप केवढा लागेल आणि रॅम्पवरच्या फळ्या किती उंच हव्यात ते सांगतो. काकांची तब्येत कशी आहे, तेही त्यात लिहा.